इंग्रजीत ‘च’ नाही, ताई!

वाचकाचं पत्र

मी चव्वेचाळीस वर्षांची. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात बिलं, चेक, डिस्पॅच सगळं मीच बघते. शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी पाचवीपासून. सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक तरुण मॅनेजर आले. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, ‘चलन पाठवलं का?’ मी म्हणाले, ‘आय सेंट इट यस्टर्डे ओन्ली.’ त्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ओके ओन्ली, थँक यू ओन्ली.’ सगळे हसले. आता डब्याच्या वेळीही तेच चालतं. घरी लेकीला सांगितलं, ती बारावीत आहे, इंग्रजी माध्यमात. ती म्हणाली, ‘आई, तू ओन्ली लावतेसच.’

दुसरी गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला मी मेलमध्ये लिहिलं, ‘वी ओन्ली चेक्ड दीज टेन पीसेस.’ मला सांगायचं होतं की हे दहा नग आम्हीच तपासले, बाकीचे बाहेरच्या लॅबमधून तपासून आले. त्यांचं उत्तर आलं, ‘बाकीचे का नाही तपासले?’ मी घाबरून तो मेल तसा ठेवून दिलाय. ओन्ली म्हणजे फक्त ना? मग माझं चुकलं कुठे? की मी इंग्रजी बोलणंच सोडून देऊ?

एक ओन्लीवाली, पिंपरी-चिंचवड

उत्तर

प्रिय ओन्लीवाली ताई,

हे वाचणं अर्धवट सोडा आणि आधी तो मेल उघडा. मीटिंगमधल्या हसण्यानं तुमची झोप उडाली आहे हे समजतं, पण खरी काळजी त्या मेलची आहे. पंधरा दिवस झाले, तो इंग्रज गिऱ्हाईक समजून बसलाय की तुम्ही दहाच नग तपासले आणि बाकीचा माल तसाच पेटीत भरला. तुमचं वाक्य त्याच्या भाषेत तेच सांगतं. चूक त्याची नाही. त्याला एवढं लिहा: ‘द अदर पीसेस वेअर चेक्ड ॲट ॲन आउटसाइड लॅब. दीज टेन वी चेक्ड अवरसेल्व्ह्‌ज.’ लॅबचा रिपोर्ट असेल तर सोबत जोडा, उत्तराला उशीर झाला म्हणून एका ओळीत सॉरी म्हणा, आणि पाठवून द्या. मी थांबते.

पाठवलात? आता निवांत बसू. त्या दोन वाक्यांत ओन्ली कुठेही नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. का नाही, ते सांगण्यासाठी तुमच्या पत्राकडे परत यावं लागेल.

तुमच्या पत्रात पाच ‘च’ आहेत. मी पेन्सिलीनं खुणा केल्या. एकतीस वर्षं वह्या तपासल्याची सवय जात नाही. ‘मीच बघते’, ‘तेच चालतं’, ‘लावतेसच’, ‘आम्हीच तपासले’ आणि ‘बोलणंच सोडून देऊ’. आता हे पाचही इंग्रजीत न्या. सगळं मीच बघते, म्हणजे मदतीला कुणी नाही: ‘आय हँडल ऑल ऑफ इट मायसेल्फ.’ तेच चालतं, म्हणजे पुन्हा पुन्हा तीच गोष्ट: ‘द सेम थिंग.’ लावतेसच, म्हणजे न चुकता: ‘ऑलवेज.’ आम्हीच तपासले: ‘अवरसेल्व्ह्‌ज.’ बोलणंच सोडून देऊ, म्हणजे मुळापासून, पूर्णपणे: ‘ऑलटुगेदर.’ पाच ‘च’, पाच वेगवेगळे शब्द, आणि ओन्ली एकदाही नाही.

दुखणं हे इथलं आहे. इंग्रजीत ‘च’ नाही. आपल्याकडे हे एक अक्षर इतकी कामं करतं की त्याचा पगार पाच माणसांचा असायला हवा. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. म्हणजे शब्दाचं रूप जराही न बिघडवता त्याला चिकटणारा. जुन्या अभंगांत तो ‘चि’ असतो, तोचि, तेथेचि. त्याच्याही मागे गेलं तर महाराष्ट्री प्राकृतातले ‘च्चिअ’ आणि ‘च्चेअ’ भेटतात. इतक्या जुन्या घराण्यातला हा शब्द आपण इंग्रजी बोलताना उंबऱ्याबाहेर ठेवू शकत नाही. मग त्याच्या जागी दिसेल तो शब्द उभा करतो, आणि दिसतो तो ओन्ली.

तो का दिसतो, याची कबुली मला द्यायची आहे. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवत असे. राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधीची तुमची-माझी पिढी पाचवीतच ए, बी, सी, डीला भेटली. फळ्यावर मी उभी रेघ मारून डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी शब्द लिहीत असे, आणि त्यात एक ओळ असायची: ‘च = ओन्ली’. उदाहरण द्यायचे, ‘दहाच मुलं आली’, ‘ओन्ली टेन चिल्ड्रेन केम’. उदाहरण बिनचूक होतं, म्हणून तर घोटाळा झाला. पुढच्या चाचणीत एका मुलानं ‘तोच माझा भाऊ’चं भाषांतर ‘ही ओन्ली इज माय ब्रदर’ असं केलं. मी त्याचा अर्धा गुण कापला. गुण खरं तर माझा कापायला हवा होता.

‘च’च्या अनेक कामांपैकी एकच काम ओन्लीला येतं: कुंपण घालणं. दहाच, अकरावा नाही. मलाच, धाकट्याला नाही. हे कुंपण जिथे आहे, तिथे बेलाशक ओन्ली वापरा. ‘च’ची बाकीची कामं जोर देण्याची आहेत. ‘इथेच थांब’, ‘आजच्या आजच दे’, ‘येईनच’, ‘सहजच आले होते’. या जागी ओन्ली ठेवला की इंग्रज माणसाला जोर ऐकू येत नाही, कुंपण दिसतं.

याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. मुलाकडे इंग्लंडात गेले होते. शेजारच्या बाई एका काचेच्या भांड्यात सफरचंदाचा ‘पाय’ (तिकडचा एक गोड पदार्थ) देऊन गेल्या. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत, म्हणून मी शिरा करायचं ठरवलं आणि कुंपणावरून त्यांना सांगितलं, ‘आय विल रिटर्न युअर डिश टुमॉरो ओन्ली.’ मला म्हणायचं होतं, उद्याच देते हो, ठेवून घेणार नाही. बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, उद्या मी बाहेर आहे, दुसरा कुठलाच दिवस चालणार नाही का? त्यांनी ऐकलं होतं: फक्त उद्या, परवा नाही. दुकानाच्या काचेवर ‘सेल टुडे ओन्ली’ लिहिलेलं असतं, तसं. त्यांच्या लेखी मी एका दिवसाची मुदत देऊन मोकळी झाले होते.

म्हणजे शेवटी येणारा ओन्ली इंग्रजीत नाहीच असं नाही. पाट्यांवर तो शेवटीच बसतो: लेडीज ओन्ली, स्टाफ ओन्ली. तुमच्या हातातून जाणाऱ्या चेकवरही तो शेवटी असतो, ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’. आपल्या पावत्यांवर ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात, तसाच. तिथे तो दाराला लावलेली कडी आहे, पुढे कुणी ‘पाचशे’ घुसवू नये म्हणून. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याचं, अठरावं कलम सांगतं की आकडा आणि अक्षरं यांच्यात फरक पडला तर अक्षरांतली रक्कम खरी धरायची. तेव्हा कडी अक्षरांनाच लावलेली बरी. चेक लिहिता लिहिता ओन्लीची जागा वाक्याच्या टोकाला, असं तुमच्या हाताच्या वळणात बसलं असेल तर मला नवल वाटणार नाही. पण पाटी असो की चेक, काम कुंपणाचंच आहे.

आता ‘यस्टर्डे ओन्ली’. इथे एक खड्डा आहे, तो नीट बघून घ्या, कारण अर्धवट इंग्रजी येणारा कुणीतरी तुम्हाला हमखास सल्ला देईल की ओन्ली उचलून यस्टर्डेच्या आधी ठेवा. ‘आय सेंट इट ओन्ली यस्टर्डे.’ व्याकरण चोख, पण अर्थ? ‘मी ते थेट काल पाठवलं, इतके दिवस पाठवलं नव्हतं.’ मॅनेजर उशिराचा हिशेब विचारतोय आणि तुम्ही उशीर कबूल करून बसता! ‘कालच’ या शब्दात दोन भाव राहतात. ‘कालच पाठवलंय हो’ म्हणताना आपण सांगतो की काम कधीच उरकलं. ‘कालच तर भेटलो’ म्हणताना सांगतो की भेटून फार वेळ झाला नाही. दुसऱ्याला ‘ओन्ली यस्टर्डे’ बरोबर बसतं. पहिल्याला लागतो ‘ऑलरेडी’. तुम्हाला म्हणायचं होतं: ‘इट हॅज ऑलरेडी गॉन. आय सेंट इट यस्टर्डे.’ एवढं म्हणून गप्प राहायचं आणि यस्टर्डेवर आवाज थोडा चढवायचा.

आवाज चढवायचा, हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं. इंग्रजांचा ‘च’ बराचसा त्यांच्या गळ्यात आहे. आपण शब्दाला अक्षर जोडतो, ते शब्दावर आवाजाचा दाब देतात. ‘आय टोल्ड यू’ यात आयवर दाब दिला की ‘मीच सांगितलं’, यूवर दिला की ‘तुलाच सांगितलं’, टोल्डवर दिला की ‘सांगितलं होतंच की’. तीन ‘च’, अक्षरं तीच. शाळेत आपण इंग्रजी वाचायला आणि लिहायला शिकलो, ऐकायला फारसं मिळालं नाही, त्यामुळे हा दाब आपल्या कानावर पडलाच नाही. तुमची लेक दिवसभर मोबाइलवर जे ऐकते, त्यातून तिला तो आपोआप मिळाला. तिची हुशारी मी कमी करत नाही, पण फरक एवढाच आहे.

शब्दच हवे असतील तर काही जोड्या जवळ ठेवा. इथेच म्हणजे ‘राइट हिअर’. आत्ताच म्हणजे ‘जस्ट नाउ’ किंवा ‘राइट नाउ’. पहिलं झालेल्या गोष्टीला, दुसरं करायच्या गोष्टीला. नक्की याच, असा आग्रह करायचा तर ‘डू कम’. तो ‘डू’ म्हणजे हुबेहूब आपला ‘च’. एक सावधगिरी: ओन्ली सोडून ‘इटसेल्फ’ धरू नका. ‘टुडे इटसेल्फ’, ‘मॉर्निंग इटसेल्फ’ ही ओन्लीचीच धाकटी भावंडं आहेत, आगीतून फुफाट्यात जाल. आजच पाठवते, याला ‘आय विल सेंड इट टुडे’ पुरतं. इंग्रज माणूस ‘टुडे’ म्हणाला तर तो आजच असतो. आपल्याकडे ‘आज पाठवते’ म्हणजे बघू, आणि ‘आजच पाठवते’ म्हणजे खरंच आज, असा भाव पडला आहे, त्याला भाषेनं काय करावं?

मेलमध्ये मात्र आवाज नसतो, आणि ओन्ली खरा उपद्रव देतो तो तिथे. तुमचं मराठी वाक्य होतं ‘आम्हीच तपासले’. ‘आम्ही’ म्हणजे ‘वी’, त्याला चिकटलेला ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’, म्हणून ‘वी ओन्ली चेक्ड’. मराठीत ‘च’ मागच्या शब्दाला घट्ट धरतो. इंग्रजीत अशा जागी बसलेला ओन्ली मागे वळून बघत नाही, पुढचं काहीतरी पकडतो. ‘चेक्ड’ पकडलं तर: आम्ही फक्त तपासले, दुरुस्त नाही केले. ‘टेन पीसेस’ पकडलं तर: दहाच तपासले. ‘वी’ला पकडणारा अर्थ गिऱ्हाइकाच्या मनात येणंच कठीण होतं.

एक खेळ करून बघा. ‘ताईनं काल मला दोनशे रुपये दिले.’ ताईनंच दिले, बाकीच्यांनी हात आखडला. मलाच दिले, धाकटा रुसला. दोनशेच दिले, मी मागितले होते पाचशे. दिलेच, नको नको म्हणत होते तरी. ‘च’ ज्या शब्दावर बसला, त्याचाच झाला. चुकायला जागा नाही. आता इंग्रजी वाक्य: ‘माय सिस्टर गेव्ह मी टू हंड्रेड रुपीज.’ ‘ओन्ली माय सिस्टर गेव्ह’ म्हटलं की ताईनंच. ओन्ली एक घर पुढे सरकवा, ‘माय ओन्ली सिस्टर’, आणि बाकीच्या बहिणी नाहीशा! ती एकुलती एक बहीण झाली. अजून एक घर सरकवा, ‘माय सिस्टर ओन्ली गेव्ह मी टू हंड्रेड’, आणि इथे धुकं आहे. बहुतेक जण ‘दोनशेच’ समजतील. ‘गेव्ह ओन्ली मी’ म्हटलं तर मलाच. आणि ‘दिलेच’ला तर ओन्ली चालतच नाही, ‘शी डिड गिव्ह’ म्हणावं लागतं.

त्या धुक्याच्या जागेवरून इंग्रज स्वतःही शतकानुशतकं भांडतायत, हे कळल्यावर तुम्हाला बरं वाटेल. पुढे लंडनचा बिशप झालेला रॉबर्ट लाउथ यानं १७६२ साली आपल्या व्याकरणात तक्रार केली होती की लोक ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्‌ज’ म्हणतात, म्हणायला हवं ‘आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्‌ज’. मी तीनच शब्द बोललो, असं सांगायचं तर ओन्ली तिनाशेजारी हवा, बोलण्याशेजारी नको. पुढे १९२६ मध्ये हेन्री फाउलर या कोशकारानं उलट बाजू घेतली. ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’, म्हणजे त्याला जाऊन आठवडाच झाला, हे वाक्य कुणालाही कळतं, मग उगाच त्याच्या मागे का लागता, असं त्याचं म्हणणं. मला फाउलर पटतो, पण बोलण्यापुरता. व्यवहाराच्या मेलमध्ये, जिथे एका शब्दावर माल परत येऊ शकतो, तिथे मी बिशपच्या बाजूनं उभी राहीन: ज्याला कुंपण घालायचं, त्याच्या अगदी पुढ्यात ओन्ली ठेवा.

तुम्ही विचारलंत, ओन्ली म्हणजे फक्त ना? हो. मुळात तो ‘वन’च आहे. जुन्या इंग्रजीत ‘आनलिक’ असा शब्द होता, एकासारखा, एकटा. त्यातलं ‘लिक’ झिजून ‘ली’ झालं. ‘एक’साठीच्या शब्दाचा ‘ओन’ हा जुना उच्चार पुढे ‘वन’ असा बदलला, पण ओन्ली आणि अलोन यांच्या पोटात जुना ‘ओन’ तसाच राहिला. आपल्या ‘एकुलता’मध्ये एक आहे, तसाच त्यांच्या ओन्लीमध्येही एक आहे. ‘ॲन ओन्ली चाईल्ड’ म्हणजे एकुलतं एक मूल. ‘ओन्ली अ चाईल्ड’ म्हणजे लहान आहे हो अजून, सोडून द्या. ‘ॲन’ आणि ‘अ’ यांनी जागा बदलली, एवढंच.

त्याचे बाकीचे अर्थ मला आवडतात, कारण ‘च’ला सोडलं की मराठीतले फार सुंदर शब्द त्यांना भेटायला येतात. ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’. याचं भाषांतर मुलं ‘फक्त तेव्हा मला समजलं’ असं करायची, आणि वर्गात मराठीच्या बाई असत्या तर त्यांनी डोकं धरलं असतं. आपण म्हणतो, ‘तेव्हा कुठे मला कळलं’. त्या ‘कुठे’मध्ये किती खटपट, किती वाट बघणं आहे! वाक्याच्या सुरुवातीला असा ओन्ली आला की इंग्रजीत पुढे ‘डिड’ उलटा, म्हणजे ‘आय’च्या आधी येतो, हेही तेवढं ध्यानात ठेवा. ‘आय रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन’: धावत स्टेशनावर गेले, बघते तर काय, गाडी सुटलेली. इथे ओन्ली म्हणजे ‘बघते तर काय’. आणि ‘आय विल कम, ओन्ली आय मे बी लेट’ इथे तो चक्क ‘पण’ होतो. परकं वाटतं का? आपणही म्हणतोच की, ‘येईन, फक्त उशीर होईल’. आपला ‘मात्र’ तर दोन्हीकडे नांदतो: पावतीवर ‘पाच हजार मात्र’, आणि बोलताना ‘सगळे गेले, मी मात्र राहिले’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरलेली दिसली की मला अजूनही गंमत वाटते. हा ‘पण’वाला ओन्ली घरगुती आहे, ऑफिसच्या मेलमध्ये नको. तिथे सरळ ‘बट’ लिहा.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यांत गल्लत करू नका. पहिलं म्हणजे ‘तरच’: पैसे आले तरच माल सुटेल. दुसरं म्हणजे उसासा: अहो, वेळेवर आले असते तर! गिऱ्हाइकाला पहिलं लिहायचं, दुसरं मनात म्हणायचं.

आता तुमच्या मॅनेजरबद्दल. ‘यस्टर्डे ओन्ली’ ही फक्त तुमची खोड नाही. हिंदीवाल्यांचा ‘ही’, गुजरातींचा ‘ज’, तमिळांचा ‘तान’, कोंकणीचा तर आपल्यासारखाच ‘च’. या सगळ्यांनी आपापला जोर इंग्रजीत ओन्लीच्या अंगावर टाकला. त्यामुळे भारतात कुठेही ‘यस्टर्डे ओन्ली’ म्हणा, समोरच्याला बरोबर कळतं. तुमच्या मॅनेजरलाही चलन काल गेलं हे कळलं होतं, म्हणून तर त्याला थट्टा सुचली. आयर्लंडच्या लोकांनीही आयरिश भाषेचं वळण इंग्रजीत नेलं. जोर द्यायचा शब्द उचलून ‘इट इज’च्या लगेच नंतर ठेवायची त्यांना फार सवय. त्यांच्या बोलण्याला लोक गोड म्हणतात. आपल्याला हसतात. असो.

मॅनेजरशी व्याकरणावर वाद घालू नका. मीटिंगनंतर एकट्याला गाठा आणि मराठीत, शांतपणे म्हणा, ‘सर, माझं इंग्रजी चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगा, मी सुधारेन. डब्यावर सगळ्यांसमोर नको. मला ते लागतं.’ एवढी तीन वाक्यं. तो वयानं लहान आहे, बहुतेक ओशाळेल. ओशाळला नाही आणि पुन्हा तेच झालं, तर मालकांच्या कानावर घाला, आणि तेव्हा विषय इंग्रजीचा ठेवू नका, वागण्याचा ठेवा. तो स्वतः मीटिंगमध्ये ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’ म्हणत असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. दोन्हींतला शेवटचा शब्द फुकटचा आहे. पण हे त्याला सांगू नका. तुमच्यापाशी ठेवा आणि तो बोलत असताना मनातल्या मनात मोजा. कंटाळवाण्या मीटिंगा छान जातात.

इथल्या लोकांशी बोलताना तोंडातून ओन्ली निसटला तर निसटू द्या. परदेशी जाणारा मेल असेल तर पाठवण्याआधी त्यात ओन्ली शोधा. सापडला की स्वतःला मराठीत विचारा: इथे मला ‘फक्त’ म्हणायचंय का? ‘फक्त’ बसत असेल तर ओन्ली राहू द्या आणि योग्य शब्दाच्या पुढ्यात आहे ना ते बघा. ‘फक्त’ बसत नसेल तर तो ‘च’ आहे, तिथे दुसरा शब्द शोधा किंवा नुसता खोडून टाका. खोडल्यानं बिघडत नाही, असं दहातल्या सात वेळा तरी दिसेल. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, अभ्यासाचा नाही.

राहिली लेक. ती तुम्हाला ‘तू ओन्ली लावतेसच’ म्हणाली, तेव्हा तिनंही ‘च’ लावला होता, आणि तोही क्रियापदाला, जो भाषांतराला सगळ्यांत अवघड. आज रात्री तिला म्हणा, हे तुझं वाक्य मला इंग्रजीत करून दे, पण तुझ्या त्या ‘च’सकट, आणि त्यातला टोमणाही जाता कामा नये. ‘यू ऑलवेज डू’ म्हणाली तर विचारा, टोमणा कुठे गेला? ‘यू जस्ट हॅव टू’ म्हणाली तर जवळ आली म्हणायची. पहिल्या फटक्यात जमलं तर मला जरूर कळवा. माझ्या वर्गात असल्या एका वाक्याला अख्खा तास गेला होता आणि घंटा झाली तरी फळ्यावर ‘च’च्या खाली नुसतं प्रश्नचिन्ह होतं.